खुर्चीतला धावपटू

अपंगत्व असलेल्या माणसाच्या निधनानंतर घरात आणि समाजात त्याची जी आठवण सांगितली जाते, तिची सुरुवात बहुधा त्याच्या दुखण्यापासून होते आणि शेवट त्याची सेवा करणाऱ्यांच्या कौतुकाने होतो. या दोन टोकांच्या मध्ये त्या माणसाला स्वतःला काय आवडत होते, कशाचा राग येत होता, कोणत्या गोष्टीसाठी तो हट्टाला पेटत होता, याचा उल्लेख क्वचितच येतो. खेळाची आवड तर या आठवणींतून सर्वांत आधी गळून पडते, कारण खेळ हे धडधाकट शरीराचे काम आहे अशी समजूत पक्की रुजलेली असते, आणि जो चालू शकत नाही त्याचे क्रिकेटवरचे किंवा कबड्डीवरचे प्रेम हा बिचाऱ्याचा विरंगुळा मानला जातो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील रिक हॉइट यांचे २२ मे २०२३ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा अनेक देशांतील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली आणि तरीही बऱ्याच अंशी हाच प्रकार त्यांच्याही बाबतीत घडला. त्यांच्या स्मरणात खेळ भरपूर होता, परंतु खेळाडू म्हणून बहुतेकांना दिसले ते त्यांचे वडील.

तसे दिसणे स्वाभाविकही होते. वडील डिक हॉइट (१९४०–२०२१) यांनी रिक यांची व्हीलचेअर ढकलत चार दशकांच्या आसपास अकराशेहून अधिक शर्यती पूर्ण केल्या. त्यांत ७२ मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यती, होत्या आणि त्या ७२ पैकी ३२ एकट्या बॉस्टन शहरातल्या होत्या. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक करावयाच्या ट्रायथलॉन या शर्यती त्यांनी २५७ वेळा पार केल्या. १९९२ साली या दोघांनी एक मॅरेथॉन २ तास ४० मिनिटे ४७ सेकंदांत पूर्ण केली, आणि ही वेळ त्या काळच्या पुरुषांच्या जागतिक विक्रमापेक्षा साधारण ३४ मिनिटांनीच जास्त होती, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्या माणसाला बसवलेली खुर्ची ढकलत धावणाऱ्या त्या बापाच्या ताकदीचा अंदाज येतो. त्या ताकदीचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, पुढे खुर्चीत बसलेला माणूस या शर्यतीत कोण होता.

रिकचा जन्म १० जानेवारी १९६२ चा. जन्माच्या वेळी नाळ गळ्याभोवती गुंडाळली गेल्यामुळे मेंदूला काही काळ पुरेसा प्राणवायू मिळाला नाही आणि त्यातून त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. मराठीत ज्याला कधी कधी मेंदूचा पक्षाघात म्हटले जाते ती ही अवस्था म्हणजे जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूच्या हालचाल नियंत्रित करणाऱ्या भागांना झालेली इजा होय. ही इजा वाढत जात नाही, पण बरीही होत नाही, आणि जगभरात हजार जन्मांमागे सुमारे दोन ते तीन मुलांमध्ये ती आढळते. प्राणवायू कमी पडणे हे तिचे सर्वांत प्रसिद्ध कारण असले तरी ते एकमेव नाही, किंबहुना अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ अशी इतर कारणेही महत्त्वाची आहेत. रिकच्या बाबतीत हातपाय चारही ताठर राहिले आणि बोलण्यासाठी लागणाऱ्या स्नायूंवरही ताबा आला नाही. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे: बोलता न येणे आणि बोलण्यासारखे काही नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाची बुद्धी पूर्ण शाबूत असूनही ती बाहेर येण्याची वाटच बंद असू शकते.

डॉक्टरांनी हे मूल संस्थेत ठेवावे, त्याच्याकडून काही अपेक्षा धरू नये, असा सल्ला दिला होता. आईवडिलांनी तो मानला नाही, कारण खोलीत कोणी फिरू लागले की बाळाचे डोळे त्याच्या मागे फिरतात हे त्यांच्या ध्यानात आले होते. आई ज्युडी यांनी सँडपेपरची खरखरीत अक्षरे कापून, ती रिकच्या बोटांखाली देऊन त्याला मुळाक्षरे शिकवली. हॉइट कुटुंबाची कथा सांगताना ज्युडी यांचे नाव फार मागे पडते आणि हा अन्याय आहे. शर्यतींच्या पुष्कळ आधी, जेव्हा टाळ्या वाजवणारे कोणी नव्हते तेव्हा, मुलाला अक्षरओळख करून देण्याचे आणि शाळांच्या दारात उभे राहून भांडण्याचे काम त्यांनी केले. मुलाला काही समजते याचा पुरावा शाळा मागत होत्या, आणि पुरावा देण्यासाठी लागणारी वाणीच त्याच्याजवळ नव्हती.

तो पुरावा एका यंत्राने दिला. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातील अभियंत्यांपुढे हा मुलगा नेण्यात आला, तेव्हा त्याच्या मेंदूत काही चालत असेल यावर त्यांचाही विश्वास नव्हता. त्याला एखादा विनोद सांगून पाहा, असे कुटुंबीयांनी सुचवले, विनोद सांगितला गेला आणि रिक खदखदून हसला. त्यानंतर तयार झालेले यंत्र १९७२ साली घरी आले. त्याचा खर्च सुमारे पाच हजार डॉलर होता आणि तो कुटुंबाने वर्गणी काढून उभा केला. यंत्राची रचना साधी पण कल्पक होती: पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जात, हव्या असलेल्या अक्षराची ओळ उजळली की रिकने डोक्याच्या बाजूला लावलेले बटण डोक्यानेच दाबायचे, मग त्या ओळीतील अक्षरे एकेक करून उजळू लागत आणि हवे ते अक्षर आले की पुन्हा बटण दाबायचे. म्हणजे एका अक्षरासाठी दोन वेळा अचूक क्षण साधावा लागे, आणि ज्याची मान स्वतःच्या मर्जीप्रमाणे वळत नाही अशा मुलाला एक छोटे वाक्य लिहिण्यासाठी किती चिकाटी लागत असेल याची कल्पना करता येते.

पहिले शब्द कोणते येणार याबद्दल घरात पैज लागल्यासारखे वातावरण होते. आईला वाटे, तो आईला हाक मारील. वडिलांना वाटे, वडिलांना. दहा वर्षांच्या रिकने लिहिले, ‘गो ब्रुइन्स’. बॉस्टन ब्रुइन्स हा त्या शहराचा आइस हॉकीचा व्यावसायिक संघ, म्हणजे बर्फावर स्केट घालून खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा. त्या हंगामात तो स्टॅनले कप या सर्वोच्च चषकासाठी झुंजत होता आणि बॉबी ऑर यांच्यासारख्या खेळाडूच्या बळावर मे १९७२ मध्ये त्याने तो जिंकला. घरातील सर्वांसोबत हा मुलगाही सामने पाहत होता, आणि तो ते समजून पाहत होता, त्याचा एक संघ होता, त्या संघासाठी त्याचा जीव वरखाली होत होता, हे त्या दिवशी प्रथम कळले.

या दोन शब्दांकडे गमतीदार प्रसंग म्हणून पाहिले जाते, पण रिक हॉइट यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे विधान कोणते असे विचारले तर हेच सांगावे लागेल. दहा वर्षे मुकेपणात राहिलेल्या मुलाला एकदाची वाचा मिळते आणि तिचा पहिला उपयोग तो भूक, वेदना किंवा कृतज्ञता सांगण्यासाठी करीत नाही. तो आपल्या संघाला जोर देतो, म्हणजे शहरातील कोणताही दहा वर्षांचा मुलगा त्या आठवड्यात जे ओरडत होता तेच तो ओरडतो. त्याच्याविषयी इतरांनी जे जे ठरवले होते त्या सर्वांच्या बाहेर, त्याची स्वतःची अशी एक आवड आधीपासून तयार होती. धाकटा भाऊ रसेल याने पुढे अशीच एक पद्धत यंत्रावाचून बसवली, जिच्यात इंग्रजी मुळाक्षरांचे पाच स्वरांपासून सुरू होणारे पाच गट पाडलेले होते; समोरच्याने गट उच्चारायचा, रिकने मानेने होकार द्यायचा, मग त्या गटातील अक्षरे एकेक म्हणत जायची. या पद्धतीने संभाषण हळू चाले, आणि ते चालण्यासाठी ऐकणाऱ्याला धीर धरावा लागे.

मॅसॅच्युसेट्समध्ये अपंगत्व असलेल्या मुलांना सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क देणारा कायदा १९७२ साली संमत झाला आणि १९७५ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, रिकला शाळेत प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी वेस्टफील्ड येथे अपघातात पक्षाघात झालेल्या एका लॅक्रॉस खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरची, धाव आयोजित झाली. लॅक्रॉस हा जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा उत्तर अमेरिकेतील मैदानी खेळ. पंधरा वर्षांच्या रिकने या धावेत भाग घेण्याची इच्छा व्यक्त केली, आणि ती व्यक्त करण्यामागचे कारण खेळाडूला शोभणारे होते: आपल्यासारखीच खुर्ची वाट्याला आलेल्या एका खेळाडूला, आयुष्य संपलेले नाही, हे त्याला कळवायचे होते. छत्तीस वर्षांचे डिक हे पळण्याची सवय असलेले गृहस्थ नव्हते आणि रोजच्या वापराची ती खुर्ची धावण्यासाठी बनवलेली नव्हती. शेवटून दुसरा क्रमांक आला. त्या रात्री रिकने यंत्रावर लिहिले ते असे, की धावताना आपण अपंग आहोत असे आपल्याला वाटत नाही. या शर्यतींचा संकल्प वडिलांच्या मनात उगवला नव्हता. मुलाने मागितले, वडिलांनी दिले, आणि मागणाऱ्याला नेमके काय मागायचे हे ठाऊक होते.

बॉस्टन मॅरेथॉन ही १८९७ पासून चालत आलेली शर्यत दर एप्रिलमध्ये हॉपकिंटन या गावातून निघते आणि बॉस्टनच्या मध्यवस्तीत संपते. तिच्यात धावण्यासाठी बहुतेकांना वयोगटानुसार ठरलेल्या वेळेत दुसरी एखादी मॅरेथॉन पूर्ण करून पात्र ठरावे लागते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हॉइट पितापुत्रांनी प्रवेश मागितला तेव्हा त्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे हे संयोजकांना उमगेना, कारण डिक हे एकटे धावणारे नव्हते आणि रिक हे स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्या व्हीलचेअर स्पर्धकांपैकीही नव्हते. काही काळ हे दोघे अधिकृत क्रमांकाशिवाय धावले. पुढे अट अशी आली की त्यांनी रिक यांच्या वयोगटाची वेळ गाठावी, चाळिशी ओलांडलेल्या डिक यांच्या वयोगटाची नव्हे. म्हणजे विशीतल्या तरुणासाठी ठरलेली २ तास ५० मिनिटांची कठोर मर्यादा वडिलांना खुर्ची ढकलत पार करावयाची होती. १९८३ मध्ये दुसऱ्या एका मॅरेथॉनमध्ये त्यांनी ती पार केली आणि पुढच्या वर्षी बॉस्टनचे दार अधिकृतपणे उघडले. ही अट अडवणुकीची होती असेच आजवर सांगितले गेले आहे आणि ते खोटे नाही. तथापि तिच्यात नकळत एक सत्य मान्य झाले होते, ते असे की, धावपटू रिक होते, आणि म्हणून वय मोजायचे ते त्यांचे. आज त्याच शर्यतीत ढकलणारा आणि बसणारा अशा जोड्यांसाठी ‘ड्युओ’ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे.

खुर्ची ढकलत धावताना हातांचा झोका मिळत नाही, वाऱ्याचा मारा वाढतो आणि न्यूटन भागातील चढ, ज्यांतील शेवटचा ‘हार्टब्रेक हिल’ या नावाने प्रसिद्ध आहे, ते वजनासह चढावे लागतात. ट्रायथलॉनसाठी डिक यांनी मोठेपणी पोहणे शिकून घेतले; अंगाला बांधलेल्या दोराने ते रिक असलेली रबरी होडी ओढत, नंतर पुढे आसन बसवलेली खास सायकल चालवत आणि मग खुर्चीमागे धावत. त्यांनी सहा वेळा पूर्ण केलेल्या आयर्नमॅन अंतराच्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन असा क्रम असतो. या काळात पुढे बसलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. धावणाऱ्याचे अंग तापते, बसलेल्याचे गारठते. ताठर स्नायूंना प्रत्येक खड्डा जाणवतो. पाणी, ऊन आणि वारा समोरून येतो आणि अंग चोरण्याची सोय नसते. हे सर्व तासन्‌तास सोसून जो माणूस पुढच्या शर्यतीची वाट पाहतो, त्याच्या सहनशक्तीलाही खेळाच्याच भाषेत नाव दिले पाहिजे.

मराठी वाचकाला ही जोडी पाहून श्रावणबाळ आठवल्यावाचून राहणार नाही, फक्त येथे कावड उलटी आहे, मुलाच्या खांद्यावर आईबाप असण्याऐवजी बापाच्या हाती मुलाची खुर्ची आहे. हे साम्य आणखी एका बाबतीत खरे ठरते. काशीयात्रेची इच्छा त्या अंध आईवडिलांची होती, वाट त्यांना हवी होती, आणि कथेच्या शेवटचा शापही त्यांच्याच तोंडून निघाला. तरी पिढ्यान्‌पिढ्या कथा श्रावणाची झाली आणि त्या दोघांची नावे विचारली तर बहुतेकांना सांगता येत नाहीत. वाहून नेणारा लक्षात राहतो आणि ज्याला वाहून नेले तो कावडीतले वजन होऊन बसतो. डिक हॉइट यांना हा धोका कळत होता असे दिसते, कारण आपण केवळ हातपाय उसने देतो, धावतो तो रिक, असे ते सतत सांगत राहिले. रिक यांनाही या नात्यातील देवाणघेवाण सलत असावी. वडिलांना काय द्यावेसे वाटते असे विचारले असता, त्यांनी एकदा खुर्चीत बसावे आणि आपण ती ढकलावी, असे उत्तर त्यांनी दिले होते.

बसलेला माणूस खरोखर खेळाडू असू शकतो का, या शंकेचे उत्तर बोचिया या खेळाच्या नियमांत फार स्पष्टपणे मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी विकसित झालेला आणि १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धांत, असलेला हा खेळ. त्यात पांढऱ्या लक्ष्यचेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू नेऊन ठेवायचे असतात. ज्यांना चेंडू फेकताच येत नाही असे खेळाडू उतरत्या पन्हाळीवरून तो सोडतात आणि पन्हाळी सरकवण्यासाठी त्यांना साहाय्यक मिळतो. मात्र त्या साहाय्यकाने खेळ चालू असताना मैदानाकडे पाठ करून बसायचे असते. वळून पाहिले तर नियमभंग होतो. हात साहाय्यकाचे, पण नजर, अंदाज, डाव आणि चूकसुद्धा खेळाडूची, हे तत्त्व या एका नियमाने पक्के केले आहे. शरीराची मदत घेणे आणि निर्णय दुसऱ्याकडे सोपवणे यांत केवढे अंतर आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा नियम क्रीडाविश्वात सापडणे कठीण.

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील पत्रकार आणि रंगमंचीय कलाकार स्टेला यंग (१९८२–२०१४), ज्या स्वतः व्हीलचेअर वापरत, त्यांनी अपंगत्व असलेल्या माणसांचा धडधाकटांना स्फूर्ती देण्यासाठी होणारा वापर कठोर शब्दांत निषेधार्ह ठरवला. मराठीत त्याला प्रेरणेचा बाजार म्हणता येईल. अपंग माणूस रोजचे जगणे जगला तरी त्याला वीर ठरवायचे आणि त्याच्याकडे पाहून आपली दुःखे किती लहान असे म्हणायचे, यात त्या माणसाचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हॉइट यांच्या चित्रफिती करुण संगीत लावून ज्या रीतीने फिरवल्या गेल्या, त्यांना हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो. परंतु तो रिक यांना लागू पडत नाही. स्वतःच्या हौसेने शर्यत मागणारा, आपला संघ हरला की हळहळणारा माणूस कोणाच्या प्रेरणेसाठी जगत नव्हता. त्याला खेळ आवडत होता.

खेळाबाहेरही त्यांचे आयुष्य भरलेले होते. १९९३ मध्ये बॉस्टन विद्यापीठातून त्यांनी विशेष शिक्षण या विषयाची पदवी घेतली, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्याच्या शास्त्राची. डोळ्यांच्या हालचालीने संगणक चालवण्याच्या बॉस्टन कॉलेजमधील प्रकल्पावर त्यांनी काम केले आणि मदतनिसांच्या साह्याने ते स्वतःच्या घरात राहिले. या ठिकाणी मराठी भाषेतील एका सवयीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आपल्याकडे अपंगत्व असलेला माणूस साठीचा झाला तरी घरातले, शेजारचे, दवाखान्यातले सगळे त्याच्याविषयी ‘तो’ असेच बोलतात आणि त्याच्या समोर त्याच्याबद्दलचे प्रश्न सोबतच्या माणसाला विचारतात, तर त्याला घेऊन आलेल्या धाकट्या भावाला मात्र ‘अहो’ म्हटले जाते. एखाद्याचे बालपण त्याच्या मृत्यूपर्यंत लांबवण्याचा हा प्रकार भाषेतून इतक्या सहजपणे होतो की तो करणाऱ्याला जाणवतही नाही. या लेखात पदवी घेणाऱ्या, नोकरी करणाऱ्या रिक हॉइट यांच्यासाठी आदरार्थी रूप वापरले आहे, ते याच कारणाने.

१५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले आणि तीन जणांचा बळी गेला. त्याच्या एकच आठवडा आधी हॉपकिंटनमध्ये, शर्यत सुरू होते त्या जागेपासून थोड्या पावलांवर, या पितापुत्रांचा कांस्यपुतळा उभारला गेला होता. त्या वर्षीची शर्यत त्यांची शेवटची ठरणार होती, पण स्फोटांमुळे हजारो धावपटूंसह त्यांनाही वाटेतच थांबावे लागले. २०१४ मध्ये ७३ वर्षांचे वडील आणि ५२ वर्षांचे पुत्र पुन्हा आले आणि सात तासांहून अधिक वेळ घेऊन, वाटेत लोकांशी थांबून बोलत, त्यांनी अंतिम रेषा ओलांडली. डिक थांबले, रिक थांबले नाहीत. ब्रायन लायन्स या दंतवैद्यांनी पुढच्या काही वर्षांत बॉस्टनच्या रस्त्यावर त्यांची खुर्ची ढकलली. सगळ्या कथेत हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो, आणि रिक यांना स्वतंत्रपणे ओळखायचे असेल तर तोच सर्वांत जास्त सांगितला पाहिजे: मागचे हात बदलले, तरी शर्यत धावायची होती ती पुढच्या माणसालाच. लायन्स २०२० मध्ये अकाली गेले, डिक मार्च २०२१ मध्ये गेले आणि दोन वर्षांनी श्वसनाच्या विकाराने रिकही गेले.

रिक यांच्या घरी ते यंत्र आले त्याच १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या त्यांच्या कन्या मालिनी चिब यांच्यासाठी येथे योग्य शाळाच नव्हती. मालिनी यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिले, जे २०१० मध्ये प्रकाशित झाले. बॉस्टन आणि मुंबई यांच्यात साधनसंपत्तीचे अंतर मोठे असले तरी दोन्हीकडे आईच आधी उठली, हे नोंदवण्याजोगे आहे. अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांसाठी भारतात २०१६ मध्ये झालेल्या कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले असून त्यांत सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि खेळात भाग घेण्याची संधी देणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून त्यात आले आहे. प्रत्यक्षात मात्र तालुक्याच्या क्रीडासंकुलात व्हीलचेअर चढेल असा उतार नसेल किंवा प्रेक्षागृहाला नुसत्या पायऱ्या असतील, तर सामना पाहण्याचा आनंदसुद्धा अशा माणसाला घरातल्या टीव्हीपुरताच मिळतो.

म्हणूनच घरांतून होणाऱ्या स्मरणाला महत्त्व आहे. महाराष्ट्रात अशी असंख्य घरे आहेत जिथे एखादे काका, आत्या किंवा मोठे भाऊ आयुष्यभर खाटेवर किंवा खुर्चीत राहिले आणि तरी धावफलक तोंडपाठ ठेवत, सामना असला की जेवण नाकारत, पंचाच्या निर्णयावर चिडत, गल्लीतल्या मुलांच्या संघाचे न नेमलेले पंच होत. त्यांच्या जाण्यानंतर घरात उरतात ती औषधांची कागदपत्रे आणि अपंगत्वाचा दाखला. त्यांचा आवडता संघ, आवडता खेळाडू, त्यांनी जिंकलेल्या आणि हरलेल्या पैजा यांची नोंद कुठेच राहत नाही, आणि एका पिढीत ती पुसली जाते. हॉइट कुटुंबाजवळ दहा वर्षांच्या मुलाचे ते दोन शब्द उरले, कारण ते उमटेपर्यंत कोणीतरी समोर बसून थांबले होते. ज्या घरात आज असा माणूस आहे, त्या घराने त्याला त्याचा संघ कोणता हे विचारावे, उत्तर यायला जितका वेळ लागेल तितका वेळ जवळ बसावे, आणि ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह, वहीत लिहून ठेवावे.